डार्क फील्डखाली काहीच दिसत नाही? आधी मायक्रोस्कोप लावा, मग नमुना घ्या

अनेक लॅबमध्ये डार्क फील्डचा कंडेन्सर (नमुन्यावर खालून प्रकाश टाकणारा मायक्रोस्कोपचा भिंगाचा भाग) डब्यात पडून असतो. विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "लावून बघितला सर, काहीच दिसत नाही." नाहीतर उलटी तक्रार असते, "सगळीकडे नुसती चमचम दिसते, त्यातलं काय कशाचं ते कळत नाही." दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि दोन्हींचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. पेशंटचा नमुना आधी घेतला जातो आणि मायक्रोस्कोप जुळवायला नंतर सुरुवात होते. जुळवाजुळव होईपर्यंत थेंब सुकतो, जंतू थांबतात आणि शेवटी 'नॉट सीन' लिहून कागद पुढे जातो.

ही पद्धत जिवंत, हलणाऱ्या आणि अतिशय बारीक जंतूंसाठी आहे. गरमीचा, म्हणजे सिफिलिसचा जंतू ट्रेपोनेमा पॅलिडम ६ ते १५ मायक्रॉन लांब असतो, पण जाडी जेमतेम ०.२ मायक्रॉनची. ग्रॅमच्या रंगात (जंतू रंगवायच्या नेहमीच्या पद्धतीत) तो उठत नाही आणि साध्या प्रकाशात दिसत नाही. डार्क फील्डमध्ये दिव्याचा सरळ प्रकाश ऑब्जेक्टिव्हमध्ये (नमुन्याजवळच्या भिंगात) शिरू देत नाहीत. फक्त तिरपा प्रकाश नमुन्यावर पडतो आणि जंतूवर आदळून विखुरलेला तेवढाच डोळ्यापर्यंत येतो. म्हणून पार्श्वभूमी काळी आणि जंतू उजळ. पण प्रकाश जंतूवरून विखुरतो तसाच धुळीवरून, क्षारावरून आणि कापसाच्या तंतूवरूनही विखुरतो. पुढच्या बहुतेक सूचना या एका गोष्टीतून आलेल्या आहेत.

१. तुमच्याकडे कोणता कंडेन्सर आहे ते बघा

कंडेन्सर दोन प्रकारचे असतात. एक कोरडा, म्हणजे त्याच्यावर तेल लागत नाही. तो १०एक्स, २०एक्स आणि ४०एक्स ऑब्जेक्टिव्हला चालतो. दुसरा तेलाचा, कार्डिऑइड किंवा पॅराबोलॉइड. त्याचा एन.ए. (न्यूमरिकल ॲपर्चर, म्हणजे भिंग किती रुंद कोनातला प्रकाश हाताळतं त्याचं माप) साधारण १.२ ते १.४ असतो. गरमीच्या जंतूसाठी हा दुसराच हवा.

नियम सोपा आहे. कंडेन्सरचा एन.ए. ऑब्जेक्टिव्हच्या एन.ए.पेक्षा मोठा पाहिजे. ४०एक्सच्या अंगावर ०.६५ कोरलेलं असतं, तिथे अडचण येत नाही. १००एक्सवर १.२५ किंवा १.३ असतं आणि नेमकं इथेच बिघडतं. एवढ्या रुंद तोंडातून सरळ प्रकाश आत शिरतो आणि काळी फील्ड (आयपीसमधून दिसणारं वर्तुळ) राखाडी होते. डार्क फील्डसाठीच्या १००एक्समध्ये आत आयरिस (लहान-मोठं करता येणारं छिद्र) असते. तिची कडी फिरवून तोंड लहान करायचं. आयरिस नसेल तर फनेल स्टॉप (तोंड लहान करणारा नळीसारखा भाग) बसवावा लागतो. दोन्ही नसतील तर १००एक्सचा नाद सोडा आणि ४०एक्सवर काम करा. चांगल्या जुळलेल्या तेलाच्या कंडेन्सरवर ४०एक्सखाली ट्रेपोनेमा दिसतो.

शिकवण्यासाठी किंवा मायक्रोफायलेरियासाठी (हत्तीरोगाच्या जंताच्या पिल्लांसाठी) साध्या मायक्रोस्कोपवरही काम भागतं. काळ्या जाड कागदाची गोल चकती कापून कंडेन्सरखालच्या फिल्टरच्या खाचेत मधोमध ठेवा. आयपीस (डोळा लावायचं भिंग) काढून नळीतून खाली बघा. मधला सगळा प्रकाश झाकला गेला असेल आणि कडेला फक्त बारीक उजळ कडी उरली असेल, तर चकतीचं माप बरोबर. रात्री घेतलेल्या ताज्या रक्ताच्या थेंबात वळवळणारा मायक्रोफायलेरिया या जुगाडावर १०एक्सखालीसुद्धा सापडतो.

२. काच आणि पाणी: मराठवाड्यातला खरा अडथळा इथे आहे

आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार किती असतात, हे घरच्या गिझरची कॉइल काढून बघितलेल्या कोणालाही सांगायला नको. त्याच पाण्याने धुतलेली स्लाइड उन्हात वाळवली की तिच्यावर क्षाराचा पातळ थर बसतो. नुसत्या डोळ्याला काच स्वच्छ दिसते, साध्या मायक्रोस्कोपखालीही फारसं जाणवत नाही. डार्क फील्डखाली मात्र तीच काच अमावस्येच्या आभाळासारखी ठिपक्यांनी भरून जाते. त्या गर्दीत जंतू शोधता येत नाही.

नळाच्या पाण्यात साबण घालून धुतलं तरी चालेल, शेवटचं धुणं मात्र डिस्टिल्ड वॉटरनेच करायचं. मग काच ७० टक्के स्पिरिटमध्ये बुडवून ठेवा आणि वापरण्याच्या अगदी आधी धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसा. कापूस नको आणि गॉजही नको, दोन्ही तंतू सोडतात. नवीन डब्यातली स्लाइडसुद्धा पुसल्याशिवाय घेऊ नका. ओरखडे पडलेली स्लाइड ग्रॅमच्या कामाला वापरा, इथे नको.

स्लाइडची जाडी १ ते १.२ मिलिमीटर असावी. तेलाच्या कंडेन्सरचा प्रकाश ठरावीक उंचीवरच एकत्र येतो. स्लाइड त्याहून जाड असेल तर तो बिंदू काचेतच राहतो, नमुन्यापर्यंत पोचत नाही. कितीही वेळ फोकस करा, चित्र फिकटच येणार. कव्हरस्लिप, म्हणजे नमुन्यावर ठेवायची पातळ काच, ०.१७ मिलिमीटरची घ्या.

सलाइन ताजं आणि प्रिझर्वेटिव्ह नसलेलं हवं, आणि सिरिंजच्या फिल्टरमधून गाळलेलं. टाकीचं किंवा नळाचं पाणी मिसळून सलाइन बनवू नका. अशा पाण्यात माणसाला रोग न करणारे लेप्टोस्पायरा (मळसूत्रासारखे बारीक जंतू) असू शकतात, आणि ते इतके बारीक की ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही पार होतात.

*सावधान:* टेबलावरचा पंखा बंद करा. एप्रिल-मे महिन्यात ४० अंशांच्या वर पारा असताना हे सांगणं जिवावर येतं. पण पंख्याखाली थेंब कडेने लगेच सुकायला लागतो, आणि सुकताना द्रव वाहतो तो जंतूच्या हालचालीसारखा दिसतो.

३. प्रकाश मधोमध आणा

हे सगळं पेशंटला आत बोलावण्याआधी उरकायचं.

एक: खोली अंधारी करा, दिवा पूर्ण मोठा करा. दिव्यासमोरचा निळा किंवा धुरकट फिल्टर काढा. कंडेन्सरला आयरिस असेल तर ती सताड उघडी. साध्या मायक्रोस्कोपीच्या सवयीने हात आयरिस बंद करायला जातो, तो आवरा.

दोन: स्वच्छ स्लाइडवर गाळलेल्या सलाइनचा थेंब टाका, कव्हरस्लिप ठेवा.

तीन: कंडेन्सर खाली घ्या आणि त्याच्या माथ्यावर तेलाचा एक थेंब ठेवा. बाटलीचा ड्रॉपर काचेला न टेकवता सोडा म्हणजे बुडबुडा येत नाही. आता मायक्रोस्कोपच्या बाजूला डोळा आणून कंडेन्सर हळूहळू वर न्या. तेल स्लाइडच्या पोटाला लागलं की एकदम पसरतं, ते डोळ्यांनी बघा. अंदाजाने सोडू नका.

चार: १०एक्सवर बघा. प्रकाशाची कडी दिसेल, मधे काळी. कंडेन्सर किंचित वर-खाली करा. एका उंचीवर ती कडी आवळत येऊन लहानसा भरगच्च उजळ ठिपका होते. तीच बरोबर उंची. वर गेलात तरी कडी होते, खाली आलात तरी होते.

पाच: ठिपका एका बाजूला असेल तर कंडेन्सरच्या दोन स्क्रूंनी तो मधोमध आणा. मग ४०एक्सवर जाऊन पुन्हा थोडं जुळवा.

तिसरी पायरी गाळणारे फार भेटतात. कंडेन्सर आणि स्लाइडमध्ये तेल नसेल तर तिरपा प्रकाश काचेत शिरतच नाही, हवेच्या थरावरूनच परत फिरतो. "काहीच दिसत नाही" या तक्रारीमागे सगळ्यात जास्त वेळा हीच चूक असते. १००एक्स वापरताना तेल दोन ठिकाणी लागतं: स्लाइडच्या खाली आणि कव्हरस्लिपच्या वर.

*तपासा:* रिकाम्या सलाइनची फील्ड काळीभोर दिसली पाहिजे. ठिपके दिसले तर ते कुठले आहेत ते शोधा. आयपीस फिरवल्यावर ठिपके फिरले तर घाण आयपीसवर. स्लाइड सरकवल्यावर सरकले तर स्लाइडवर. कंडेन्सर हलवल्यावर हलले तर कंडेन्सरच्या माथ्यावर किंवा तेलात. ही रिकामी स्लाइड समाधानकारक झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

४. डोळा तयार करा

गरमीची जखम घेऊन पेशंट रोज येत नाही, त्यामुळे सराव होत नाही. त्यासाठी हिरडीचा नमुना वापरा. निर्जंतुक टूथपिकने दात आणि हिरडीच्या फटीतलं थोडं खरवडा, सलाइनच्या थेंबात मिसळा, कव्हरस्लिप ठेवा. तोंडात नेहमी राहणारे स्पायरोकीट (मळसूत्रासारखे जंतू, ट्रेपोनेमाही त्यांतलाच) तिथे हलताना दिसण्याची शक्यता चांगली असते. मायक्रोस्कोप नीट लागला आहे याचा तो पुरावाही ठरतो. आठवड्यातून एकदा हे केलं तर डोळा बसतो.

तोंडात हे जंतू निरोगी माणसालाही असतात. म्हणून तोंडातल्या जखमेचा डार्क फील्ड गरमीच्या निदानासाठी कधीही करायचा नाही, डॉक्टरांनी लिहून दिला तरी. फोन करून अडचण सांगा. गुदद्वाराजवळच्या जखमेबाबतही हात राखून बोला.

५. जखमेवरचा नमुना

गुप्तरोगाच्या जखमेसाठी आलेला माणूस आधीच ओशाळलेला असतो. दार लावा, गर्दी बाहेर काढा, स्त्री पेशंट असेल तर बाई कर्मचारी सोबत हवी. काय करणार ते सांगून परवानगी घ्या. मग न रागावता विचारा, "दादा, मेडिकलवरून काही मलम आणून लावलंय का? गोळ्या, इंजेक्शन काही झालंय का?" आपल्याकडे दवाखान्यात येण्याआधी मेडिकल दुकानाची वारी झालेली असतेच. अँटिबायोटिक पोटात गेलं असेल तर जंतू सापडण्याची आशा फार कमी होते. हे उत्तर फॉर्मवर लिहा.

ग्लोव्हज घाला. खपली असेल तर काढा. सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजने जखम स्वच्छ करा. साबण, डेटॉल, स्पिरिट, बीटाडीन यांपैकी काहीही लावायचं नाही, जंतू जागेवर मरतात. मग कोरड्या गॉजने जखमेचा तळ हलकेच घासा. थोडं रक्त येईल. ते टिपून घ्या आणि थांबा. रक्त थांबल्यावर जखम बोटांनी बुडापासून दाबा. पाण्यासारखा स्वच्छ स्राव वर येतो, आपल्याला तोच हवा. कव्हरस्लिप त्याला अलगद टेकवा आणि स्लाइडवर पालथी घाला. स्राव घट्ट असेल तर सलाइनचा अगदी छोटा थेंब चालतो.

लोक घाई करतात ती रक्त थांबण्याची वाट बघताना. लालसर नमुना घेतला की फील्ड तांबड्या पेशींच्या चकाकत्या कड्यांनी भरते आणि त्यांच्यामागे बारीक जंतू हरवतो. दोन-तीन मिनिटं गेली तर जाऊ द्या.

थेंबाचं माप: २२ बाय २२ मिलिमीटरच्या कव्हरस्लिपखाली १० मायक्रोलिटर द्रव पसरला तर थर सुमारे २० मायक्रॉनचा होतो. याहून जाड नको. जाड थरात फोकसबाहेरचा उजेड सगळी फील्ड धुरकट करतो. वरून फिल्टर पेपर ठेवून हलकेच दाबा आणि कडांना व्हॅसलीन फिरवा.

*सावधान:* नमुना घेतल्यापासून २० मिनिटांच्या आत बघून झालं पाहिजे. "स्लाइड बनवून तालुक्याहून पाठवतो" हा प्रकार इथे चालत नाही. पेशंटलाच मायक्रोस्कोपजवळ पाठवा, मग ते सरकारी मेडिकल कॉलेज छत्रपती संभाजीनगरचं घाटी असो, अंबाजोगाई असो की नांदेडचं विष्णुपुरी. त्याला निघण्याआधी मलम किंवा अँटिबायोटिक देऊ नका, आणि तिथे त्या वेळी डार्क फील्ड होतो का हे फोनवर विचारून घ्या. पण जायला दिवस मोडणार असेल, पेशंट पुन्हा येण्याची खात्री नसेल, तर तपासणीसाठी उपचार अडवून ठेवण्यात अर्थ नाही. तो निर्णय डॉक्टरांचा.

६. काय बघायचं

कव्हरस्लिपच्या एका कोपऱ्यातून सुरुवात करून ओळीने सगळी बघा. मधेमधे डोकावून 'नाही' म्हणू नका.

ट्रेपोनेमा पॅलिडम चांदीच्या बारीक तारेसारखा दिसतो. त्याला ६ ते १४ वेढे असतात, सगळे घट्ट आणि सारख्या अंतरावर. तो स्वतःभोवती फिरतो, सावकाश पुढे-मागे सरकतो. थोडा वेळ एकाच जंतूवर नजर ठेवली तर ओळख पटवणारी गोष्ट दिसते: तो मधोमध वाकतो, कधी काटकोनापर्यंत, आणि पुन्हा सरळ होतो. वाकला तरी त्याचे वेढे मोडत नाहीत. जननेंद्रियावर राहणारे निरुपद्रवी स्पायरोकीट जाड असतात, वेढे सैल आणि कमी-जास्त, हालचाल भराभर वळवळणारी. नुसतं 'नागमोडी आणि हलतंय' यावर नाव द्यायचं नाही.

फसवणारे आणखीही आहेत. फायब्रिनचा (रक्त गोठताना होणारा) धागा लांब आणि गुळगुळीत असतो, टोकं अस्पष्ट असतात, थरथरतो पण फिरत नाही. सूक्ष्म कण जागेवर नाचतात, ती ब्राउनियन हालचाल. आणि फील्डमधल्या सगळ्याच वस्तू एका दिशेने चालल्या असतील तर तो द्रवाचा प्रवाह आहे. आजूबाजूचे कण स्थिर असताना हाच एक स्वतःच्या बळावर हलतोय का, हे आधी ठरवा.

७. रिपोर्ट

सापडला तर लिहा: "ट्रेपोनेमा पॅलिडमसारखा आकार आणि हालचाल असलेले स्पायरोकीट दिसले." नाही सापडला तर "या नमुन्यात दिसले नाहीत", आणि आधी घेतलेल्या औषधांचा उल्लेख. रक्त जास्त असेल किंवा उशीर झाला असेल तर "नमुना अयोग्य, पुन्हा पाठवा" असं सरळ लिहा. 'सिफिलिस निगेटिव्ह' हे शब्द डार्क फील्डच्या रिपोर्टवर येता कामा नयेत. उपचार सुरू नसतील तर लागोपाठ तीन दिवस नमुना तपासण्याची पद्धत आहे.

सोबत रक्त घ्याच: गरमीच्या तपासण्या म्हणून आर.पी.आर. किंवा व्ही.डी.आर.एल., टी.पी.एच.ए. आणि संमतीने एच.आय.व्ही. जखमेच्या पहिल्या काही दिवसांत रक्ताची तपासणी निगेटिव्ह येऊ शकते आणि डार्क फील्ड पॉझिटिव्ह. या पद्धतीची किंमत तिथेच कळते. जोडीदाराच्या तपासणीसाठी पेशंटला सुरक्षा क्लिनिकला (सरकारी गुप्तरोग दवाखान्यात) पाठवा.

८. जुलाब आणि कॉलऱ्याचा संशय

टँकरचं पाणी, फुटलेली पाइपलाइन, पहिला पाऊस, आणि एका वस्तीतून चार-पाच जण तांदळाच्या धुवणासारखे जुलाब घेऊन येतात. अशा वेळी कोरडा कंडेन्सर आणि ४०एक्स एवढ्यावर काही मिनिटांत दिशा मिळते.

ताज्या पातळ जुलाबाचे दोन थेंब दोन स्लाइडवर घ्या. पहिला तसाच बघा. व्हिब्रिओ (कॉलऱ्याचा जंतू) असेल तर बारीक उजळ ठिपके बाणासारखे फील्डच्या या टोकाकडून त्या टोकाकडे सुटतात. दुसऱ्या थेंबात व्हिब्रिओ कॉलरे ओ१चं अँटिसीरम (त्याच जंतूला धरणारी प्रतिपिंडं असलेलं द्रव) मिसळा. काही मिनिटांत दुसऱ्यातली धावपळ थांबली आणि पहिल्यातली चालू राहिली, तर संशय पक्का. इथली नेहमीची चूक म्हणजे प्रिझर्वेटिव्ह असलेलं अँटिसीरम वापरणं. त्यात कोणताही जंतू थांबतो. दुसरी चूक म्हणजे नुसती धावपळ बघून कॉलरा म्हणणं. कॅम्पायलोबॅक्टर हा जुलाबाचा दुसरा जंतूही तसाच धावतो.

हा अंदाज आहे, निदान नाही. कल्चरसाठी (जंतू वाढवून ओळखण्यासाठी) नमुना कॅरी-ब्लेअर या वाहतुकीच्या माध्यमात पाठवा, फ्रिजमध्ये ठेवू नका. जिल्हा साथरोग अधिकाऱ्यांना मात्र कल्चरची वाट न बघता कळवा. आणि सलाइन, ओ.आर.एस. तुमच्या स्लाइडसाठी थांबत नाही.

९. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस)

ऊसतोडीहून परतलेला किंवा पावसाळ्यात चिखलात राबलेला माणूस ताप, अंगदुखी, लाल डोळे घेऊन आला की "रक्ताचा डार्क फील्ड करा" अशी चिठ्ठी येते. करू नका असं माझं स्पष्ट मत आहे, निदान एकट्या त्याच्या भरवशावर तरी नाही. एका फील्डमध्ये एक जंतू दिसायला मिलिलिटरमागे सुमारे १०,००० जंतू लागतात. शिवाय तांबड्या पेशींमधून सुटलेले धागे आणि फायब्रिन हुबेहूब लेप्टोस्पायरासारखे वाटतात. चुकीचं 'हो' आणि चुकीचं 'नाही' दोन्ही सहज होतं. आय.जी.एम. एलायझा (रक्तातली प्रतिपिंडं शोधणारी) आणि पी.सी.आर. (जंतूचा डी.एन.ए. शोधणारी) या तपासण्यांकडे वळा. डार्क फील्ड इथे लागतो तो ई.एम.जे.एच. (लेप्टोस्पायरा वाढवायच्या) माध्यमातलं कल्चर बघायला आणि मायक्रोस्कोपिक ॲग्लुटिनेशन टेस्ट (पेशंटच्या सीरममध्ये जंतू एकमेकांना चिकटतात का ते बघणारी) वाचायला, आणि ती कामं मोठ्या लॅबची.

१०. 'एका थेंबात सगळे आजार' यापासून लांब राहा

काही शिबिरांत बोटाला टोचून रक्ताचा थेंब डार्क फील्डखाली मोठ्या पडद्यावर दाखवतात. मग "हे विषारी घटक, हा कॅन्सरचा धोका" असं सांगून पावडरीचे डबे विकतात. पडद्यावर दिसतात ते सुकत चाललेल्या रक्तातल्या एकमेकींना चिकटलेल्या तांबड्या पेशी, फायब्रिनचे धागे आणि जेवणानंतर रक्तात येणारे चरबीचे कण. कॅन्सर असा दिसत नाही. लॅबमध्ये काम करणाऱ्याने हे गावातल्या लोकांना सांगितलं पाहिजे. लोक तुमचं ऐकतात, आणि त्या डब्यांवर जाणारे पैसे बियाणाचे किंवा पोरांच्या फीचे असतात.

११. आवराआवर

वापरलेली स्लाइड ताज्या १ टक्का हायपोत (सोडियम हायपोक्लोराइटमध्ये) बुडवा, नंतर काचेच्या निळ्या खुणेच्या डब्यात. ग्लोव्हज लाल पिशवीत, रक्त-स्राव लागलेला गॉज पिवळ्या पिशवीत. हिरडीच्या सरावाच्या स्लाइडलाही हाच नियम.

कंडेन्सरचा माथा आणि १००एक्स लेन्स पेपरने टिपा, घासू नका. तेल राहिलं तर त्यावर धूळ बसते आणि पुढच्या वेळी ती ठिपके होऊन समोर येते. लेन्स अगदीच चिकट झाली असेल तेव्हाच झायलीन वापरा, तेही पेपरला लावून, थेट लेन्सवर ओतून नाही. पावसाळ्यात कंडेन्सर सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवा. जेलचे निळे दाणे गुलाबी पडले की ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा निळे करा, नाहीतर लेन्सवर बुरशी चढते. डब्यावर मार्करने शेवटच्या रिकाम्या स्लाइडची तारीख लिहून ठेवा. आठवडा उलटून गेला असेल तर वरच्या क्रमांक ३ पासून (प्रकाश मधोमध आणण्यापासून) पुन्हा सुरू करा.